सिंगापूरचं युनिव्हर्सल: रांगांचा हिशेब

सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओज या थीम पार्कमध्ये दिवसाचा निकाल सकाळी साडेअकराच्या आतच लागतो. दार उघडल्यापासूनच्या पहिल्या दीड तासात जेवढ्या मोठ्या राइड्स होतात, तेवढ्या करायला गर्दीच्या दिवशी दुपारी दुप्पट वेळही पुरत नाही. आणि नेमका हाच दीड तास आपली कुटुंबं दाराबाहेरच्या मोठ्या फिरत्या पृथ्वीच्या गोळ्यासमोर फोटो काढण्यात, टोप्या शोधण्यात आणि 'सगळे आले का' हे मोजण्यात घालवतात. खाली जे सांगितलं आहे त्यातलं निम्मं काम घरी, तिकीट काढण्याआधीच करायचं आहे.

तारीख निवडताना आपली नाही, त्यांची सुट्टी बघा

सिंगापूरच्या शाळांना मे अखेरीपासून जून अखेरीपर्यंत साधारण चार आठवडे सुट्टी असते. दुसरी मोठी सुट्टी नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत. याशिवाय मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला एकेक आठवडा. महाराष्ट्रातल्या उन्हाळी सुट्टीशी हे ताडून पाहिलं की उत्तर सरळ निघतं: मे महिन्याचे पहिले तीन आठवडे जा. 'शाळा सुरू व्हायच्या आधी शेवटचा आठवडा' म्हणून जूनमध्ये गेलात, तर तिथल्या मुलांच्या सुट्टीत सापडता.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, दीपावली ही सिंगापूरमध्येही सार्वजनिक सुट्टी आहे, त्यामुळे ऐन त्या दिवशी जाऊ नका. दुसरी गोष्ट जास्त महाग पडते. सप्टेंबर अखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत ठरावीक रात्री तिथे हॅलोविन हॉरर नाइट्स हा वेगळ्या तिकिटाचा कार्यक्रम असतो, आणि त्या दिवशी साध्या तिकीटवाल्यांसाठी उद्यान लवकर बंद होतं. तिकिटाचे पैसे पूर्ण, दिवस मात्र दोन-तीन तासांनी तोकडा. बुकिंग करताना त्या तारखेची बंद होण्याची वेळ बघाच. एरवीही वेळा रोज सारख्या नसतात.

वार शक्यतो मंगळवार ते गुरुवार. आणि मुंबईहून रात्रीच्या विमानाने सकाळी पोहोचलात, तर त्याच दिवशी युनिव्हर्सल ठेवू नका. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथले साडेआठ म्हणजे मुलांच्या शरीराचे सकाळचे सहा. पहिला दिवस झोपेत आणि बागेत जाऊ द्या, युनिव्हर्सल तिसऱ्या दिवशी ठेवा.

तारीख पक्की करण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर देखभालीसाठी बंद राहणाऱ्या राइड्सची यादी पाहा. मुलगा सहा महिने ज्या राइडचं नाव घेतोय तीच नेमकी बंद, असं प्रवेशद्वारात कळू नये. राइड्स, खेळांच्या वेळा आणि नियम बदलत राहतात, म्हणून आदल्या रात्री पुन्हा एकदा पाहा.

मुलांची उंची घरी मोजा

भिंतीला पाठ टेकवून, बूट काढून, सेंटिमीटरमध्ये. मोठ्या राइडवर चढायला ठरावीक किमान उंची लागते. हा नियम तिथे पट्टी लावून पाळतात आणि एक सेंटिमीटर कमी भरलं तरी गयावया चालत नाही. रांगेच्या तोंडाशी एकदा बघतात आणि चढण्याआधी पुन्हा बघतात. पहिल्या ठिकाणी गर्दीत मूल निसटलं तर दुसऱ्या ठिकाणी अडवतात, आणि मधली पाऊण तासाची रांग पाण्यात जाते.

महत्त्वाचे आकडे असे आहेत. कॅनोपी फ्लायर आणि एन्चँटेड एअरवेज यांना ९२ सेंटिमीटर. पुस इन बूट्सला १००. ट्रान्सफॉर्मर्सला १०२. ज्युरासिक पार्कच्या पाण्यातल्या राइडला १०७. रिव्हेंज ऑफ द ममीला १२२. बॅटलस्टार गॅलॅक्टिकाच्या दोन्ही रोलर कोस्टरना १२५. खालच्या मर्यादेच्या जवळ असलेल्या मुलासोबत मोठं माणूस लागतं, हेही धरून चला.

आता घरातल्या प्रत्येकासमोर कोणत्या राइड्स शक्य आहेत ते लिहा, आणि त्यातल्या कोणत्या हव्याच आहेत त्यावर खूण करा. प्रत्येकी तीन खुणा, जास्त नाही. आठ जणांच्या कुटुंबात हे केलं की एक गंमत दिसते: आठही जणांनी खूण केलेली राइड एखादीच असते. तरीही आपण दिवसभर आठ जण एका दोरीत बांधल्यासारखे फिरतो आणि प्रत्येक रांगेत दोघं-तिघं नुसते सोबत म्हणून उभे असतात. दोन तुकड्या करा. भेटायची जागा आणि वेळ ठरवा, 'फोन करू' एवढ्यावर सोडू नका. स्थानिक सिम सगळ्यांकडे नसतं, आणि राइडवर फोन उचलता येत नाही.

लांब रांग आणि संथ रांग

थीम पार्कात चकवणारी गोष्ट ही आहे. रांग किती लांब दिसते यापेक्षा ती किती वेगाने सरकते हे महत्त्वाचं, आणि तो वेग राइडच्या रचनेवर ठरतो. एका फेरीत किती माणसं बसतात आणि तासाला किती फेऱ्या निघतात, यांचा गुणाकार म्हणजे त्या राइडची ताकद.

ममीच्या गाडीत १६ जण बसतात, ट्रान्सफॉर्मर्सच्या गाडीत १२, आणि या गाड्या एकीमागून एक सुटत राहतात. त्यामुळे तिथली गर्दी डोळ्यांना भीती घालते, पण पायांना सरकायला मिळतं. याउलट कॅनोपी फ्लायर. डोक्यावरच्या रुळाला लटकणाऱ्या छोट्या पाळण्यात मोजकी माणसं मावतात. बाहेर चाळीसेक जण दिसतात, वाटतं दहा मिनिटांचं काम आहे, आणि अर्धा तास गेला तरी झाडाची तीच फांदी समोर असते. लहान मुलांच्या बहुतेक राइड्सचं हेच आहे: फेरी छोटी, आसनं थोडी, आणि प्रत्येक मुलाला बसवून पट्टा लावायला वेळ.

बॅटलस्टारची गोष्ट मधली. लाल रुळावर बसून जायची 'ह्यूमन' आणि निळ्या रुळाला लटकून उलटी-पालटी होणारी 'सायलॉन', असे दोन रोलर कोस्टर एकमेकांना हूल देत धावतात. २०१३ मध्ये ते बंद झाले आणि मे २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाले, तेव्हा चार आसनी गाड्यांच्या जागी दोन आसनी गाड्या आल्या होत्या. म्हणजे एका ओळीत माणसं निम्मी. रांग मोठी का होते हे इथे कळतं, आणि ही राइड दुपारवर का ढकलू नये तेही.

दारावरच्या पाटीवर किंवा ॲपमध्ये दाखवलेला वेळ ढोबळ असतो. अशा पाट्या बहुतेक वेळा थोडं वाढवूनच सांगतात, कारण पन्नास मिनिटं सांगून चाळीसमध्ये आत सोडलं तर माणूस खूश होतो, उलट झालं तर भांडतो. पण सकाळी गर्दी झपाट्याने वाढत असते तेव्हा पाटी मागे पडते. पाटी वीस मिनिटं म्हणते, आणि आत शंभर माणसं आधीच वळली असतात. शंका आली तर स्वतः मोजा:

रांगेच्या पुढच्या भागातला एक खांब धरा. पाच मिनिटांत त्याच्यापुढून किती जण गेले ते मोजा, समजा ६०. आता कठड्यांमधल्या एका सरळ पट्ट्यात किती माणसं आहेत ते मोजून पट्ट्यांच्या संख्येने गुणा. समजा १२ गुणिले १५, म्हणजे १८०. साठला पाच मिनिटं, तर एकशे ऐंशीला पंधरा. बाहेरून आतला भाग दिसत नसेल तर हा हिशेब फसतो, आणि ट्रान्सफॉर्मर्स-ममीच्या रांगा बऱ्याचशा इमारतीच्या आत असतात. तिथे पाटीवरच भिस्त ठेवा.

दारात कसं पोहोचायचं

अधिकृत वेळेच्या ४० मिनिटं आधी प्रवेशद्वारापाशी असा. तिकीट त्या तारखेचं, ऑनलाइन काढलेलं, आणि प्रत्येकाचा क्यूआर कोड वेगळा सेव्ह केलेला. सगळे कोड बाबांच्या फोनमध्ये आणि बाबा शौचालयात, असा प्रकार रोज कोणाचा तरी होतोच. पिशव्यांची तपासणी असते, म्हणून दोन मोठ्या सॅक पुरेत. सहा छोट्या पर्सना सहापट वेळ लागतो.

लिटिल इंडियात उतरला असाल तर प्रवास सोपा आहे. मेट्रोची जांभळी नॉर्थ ईस्ट लाइन पकडा, लिटिल इंडियापासून पाचवं आणि शेवटचं स्टेशन हार्बरफ्रंट. तिथून व्हिवोसिटी मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर सेंटोसा एक्स्प्रेस ही मोनोरेल मिळते आणि तिचा पहिलाच थांबा, रिसॉर्ट्स वर्ल्ड, तुमचा. मोनोरेलच्या दारात सकाळी रांग दिसली तर शेजारच्या बोर्डवॉकवरून चालत जा. पंधरा मिनिटांचा रस्ता आहे, छप्पर आहे. हॉटेलच्या दारापासून उद्यानाच्या दारापर्यंत तासभर धरा. चार जण असतील तर टॅक्सी फार महाग पडत नाही आणि बरीच दमछाक वाचते.

गोळ्यासमोरचा फोटो सकाळी काढायचा नाही. यावर घरात मतदान घेऊ नका, जाहीर करून टाका.

आत गेल्यावर उजवीकडे की डावीकडे

उद्यान एका तळ्याभोवती वर्तुळात वसलं आहे. दारातून आत गेलात की पहिला भाग हॉलीवूड. उजव्या हाताने गेलं तर न्यूयॉर्क, मग साय-फाय सिटी, प्राचीन इजिप्त, लॉस्ट वर्ल्ड, फार फार अवे. डाव्या हाताला मिनियन लँड, जी फेब्रुवारी २०२५ मध्ये मादागास्कर या जुन्या भागाच्या जागी उघडली. नव्या भागाकडे पावलं आपोआप वळतात.

मुलं १२५ सेंटिमीटरच्या वर असतील तर उजवीकडे. दुकानं, गाणी, रस्त्यावरचे नाचे यांच्याकडे न बघता थेट साय-फाय सिटी. तिथे आधी सायलॉन, मग ह्यूमन, मग ट्रान्सफॉर्मर्स. बहुतेक लोक नेमके उलटे करतात. ट्रान्सफॉर्मर्सचं नाव मोठं म्हणून आधी तिथे धावतात. पण बॅटलस्टार उघड्यावर आहे, एका वेळी माणसं कमी नेतं आणि दुपारी वीज चमकली की बंद होतं. ट्रान्सफॉर्मर्स छपराखाली आहे, माणसं भराभर उरकतं आणि तिथे सिंगल रायडरची, म्हणजे एकेकट्याने बसणाऱ्यांच्या वेगळ्या रांगेची, सोयही आहे. जे नंतर हातून निसटू शकतं ते आधी करायचं. बॅटलस्टारवर खिशात काहीही ठेवता येत नाही, सामान लॉकरमध्ये टाकावं लागतं. लॉकर ठरावीक मिनिटं फुकट, पुढे पैसे. लॉकरच्या यंत्रापुढे एक वेगळीच रांग लागते, ती टाळायची असेल तर न चढणाऱ्या एकाला सामानाचा राखणदार करा आणि खिसे रांगेत शिरण्याआधीच रिकामे करा.

तिथून ममी. मग साडेअकराच्या आत लॉस्ट वर्ल्ड गाठलंत तर कॅनोपी फ्लायर, कारण ती दुपारी दगडासारखी अडून बसते. इथपर्यंत वेळेत आलात तर दिवस जिंकलात. पुढचं सगळं आरामात.

मुलं ११० सेंटिमीटरच्या आतली असतील तर डावीकडे. आधी मिनियन मेहेम, मग फार फार अवेमध्ये एन्चँटेड एअरवेज आणि पुस इन बूट्स, मग कॅनोपी फ्लायर. म्हणजे वर्तुळ उलट दिशेने. या राइड्सची ताकद कमी असल्यामुळे लहान मुलांच्या घरांना सकाळचा वेळ मोठ्यांपेक्षाही जास्त मोलाचा आहे, आणि नेमकी हीच घरं सावकाश नाश्ता करून साडेअकराला उगवतात.

घरात दोन्ही वयांची मुलं असतील तर वर म्हटलेल्या दोन तुकड्या. वर्तुळाच्या दोन्ही बाजूंनी निघालात की साधारण लॉस्ट वर्ल्डमध्ये गाठ पडते. तीच भेटायची जागा: वॉटरवर्ल्ड या खेळाच्या प्रेक्षागृहाबाहेर.

बारा ते तीन हा रांगांचा सर्वांत वाईट काळ. या वेळात ज्याला रांग नाही, फक्त वेळापत्रक आहे, ते करा. वॉटरवर्ल्डच्या प्रेक्षागृहात एका खेळाला भरपूर माणसं बसतात. श्रेकचा फोर-डी खेळ आणि न्यूयॉर्कमधला वादळाचा देखावा हेही घाऊक माणसं आत घेतात. वॉटरवर्ल्डच्या पुढच्या ओळींत बसलात तर भिजणार, पण दुपारी दीडला ती शिक्षा नाही. ज्युरासिकच्या पाण्याच्या राइडवर मात्र कपडे पार ओले होतात. ते झाल्यावर वातानुकूलित ममीत तासभर कुडकुडायचं नसेल तर क्रम उलटा ठेवा. पातळ रेनकोट घरून न्या, आत तोच महाग मिळतो.

जेवण सव्वाअकराला किंवा अडीचनंतर. साडेबारा ते दोन या वेळात जेवणाची रांग राइडइतकीच मोठी होते. इजिप्तमधल्या ओएसिस स्पाइस कॅफेत भारतीय पद्धतीचं जेवण मिळतं, त्यामुळे आपली सगळी मंडळी एकाच वेळी तिथे उतरतात. सकाळी हॉटेलात पोटभर खाऊन निघालात तर जेवण अडीचपर्यंत सहज पुढे ढकलता येतं. रिकामी बाटली न्या. सिंगापूरचं नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे.

सिंगल रायडर: एकट्याने जाण्याची किंमत आणि फायदा

ट्रान्सफॉर्मर्सच्या गाडीत चार-चारच्या तीन ओळी. तिघांचं कुटुंब आलं की एक आसन रिकामं. पाच जण आले की पाचवा एकटा दुसऱ्या ओळीत, त्याच्या शेजारी पुन्हा जागा. ही रिकामी आसनं भरायला वेगळी रांग ठेवलेली असते. ट्रान्सफॉर्मर्स, ममी आणि बॅटलस्टारला ती मिळते. कर्मचारी 'वन' म्हणून बोट वर करतो, तुम्ही जाऊन बसायचं. कोणती ओळ, शेजारी कोण, हे विचारायचं नाही.

चौघं एकापाठोपाठ या रांगेत उभे राहिलात तर पाच-दहा मिनिटांच्या फरकाने सगळे उतरता. बायकोच्या शेजारी बसायचंच असेल तर ही रांग तुमची नाही. मुलांना नेताना लक्षात ठेवा की त्यांना एकट्याने बसता यायला हवं, म्हणजे ट्रान्सफॉर्मर्सलाही १०२ पुरत नाहीत, १२२ लागतात.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, ही रांग नेहमीच छोटी असते असं धरणं. रिकामी आसनं किती पडतील यावर तिचा वेग असतो, आणि सगळीकडून जोड्या येत असतील तर चार आसनांच्या ओळी पुऱ्या भरतात, सिंगलवाले ताटकळतात. ही रांग दाराबाहेर आलेली दिसली तर साधी रांग बरी. दुसरी चूक, पहिल्याच फेरीला सिंगलने जाणं. साध्या रांगेतून जाताना सजावट आणि पडद्यांवरची गोष्ट दिसते, सिंगलमध्ये त्यातलं बरंच हुकतं. सकाळी साध्या रांगेने जा. दुसरी-तिसरी फेरी सिंगलने.

चाइल्ड स्वॅप

कडेवर दोन वर्षांचं मूल आहे म्हणून आईने किंवा बाबांनी दिवसभर बाकावर बसू नये. मोठ्या राइडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला 'चाइल्ड स्वॅप' एवढंच म्हणा. एक पालक राइडवर जातो, दुसरा मुलाला घेऊन थांबतो, आणि पहिला उतरला की दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. हे रांगेत शिरण्याआधी विचारायचं. अर्ध्या रांगेत आठवलं तर कठड्यांमधून मागे येणं आणि वाद, दोन्ही नशिबी येतात. आजी-आजोबांवर मूल सोपवून दोघंही जाणं सोपं वाटतं, पण तीस अंशांच्या दमट उकाड्यात साठीच्या माणसाला ते जड जातं.

एक्स्प्रेस घ्यावं का

एक्स्प्रेस म्हणजे जास्तीचे पैसे भरून वेगळ्या, छोट्या रांगेतून जाण्याचं तिकीट. त्याचे दोन प्रकार असतात: प्रत्येक राइडला एकदाच चालणारं, आणि अमर्याद चालणारं. दोन्ही प्रवेशाच्या तिकिटाव्यतिरिक्त, गर्दीच्या दिवशी महाग, आणि दिवसाला मोजकेच. आपल्याकडे खोपोलीजवळच्या इमॅजिकातही एक्स्प्रेसची पद्धत आहे, त्यामुळे कल्पना नवी नाही. हिशेब मात्र कोणी करत नाही.

हिशेब असा. ज्यांच्यासाठी घ्यायचं त्यांच्या खुणा केलेल्या राइड्स मोजा. त्यातल्या दुपारी अर्ध्या तासाहून जास्त रांग लागणाऱ्या किती? चारपेक्षा कमी असतील तर पैसे वाया. आजीसाठी, एक मीटरच्या आतल्या मुलासाठी एक्स्प्रेस घेण्यात काहीच अर्थ नाही. त्यांना ज्या राइड्स चालतात त्यांतल्या कित्येकांची रांग तशीही किरकोळ असते. आठ जणांच्या घरात फक्त तिघांसाठी घेतलं तरी चालतं. मे महिन्यातल्या बुधवारी दहाला दारात असाल तर मुळीच घेऊ नका. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा, जूनचे शनिवार-रविवार, चिनी नववर्ष, किंवा टूरच्या बसने अकराला पोहोचणार असाल, तर घ्या आणि आधीच घ्या. दारात गेल्यावर संपलेलं असण्याची शक्यता त्याच दिवशी जास्त असते ज्या दिवशी ते खरंच लागतं.

एक्स्प्रेसवाल्यांची रांग पुढे जाऊन साध्या रांगेला मिळते, आणि तिथे कर्मचारी बहुतेक वेळा एक्स्प्रेसला झुकतं माप देतो. साधी रांग दहा मिनिटं पळते आणि शेवटच्या वळणावर गोठते, त्याचं कारण हे. तिथे वैतागून बाहेर पडू नका. त्या बिंदूपर्यंत आलात म्हणजे बराच रस्ता सरला आहे.

वीज, पाऊस आणि बंद पडलेली राइड

सिंगापूरमध्ये दुपारचा वळीव वर्षभर येतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे त्याचे खास महिने. म्हणजे आपल्या दोन्ही सुट्ट्या. पावसापेक्षा विजेचा इशारा महत्त्वाचा. तो आला की बॅटलस्टार, कॅनोपी फ्लायर, एन्चँटेड एअरवेज, पाण्याची राइड, सगळं उघड्यावरचं थांबतं, आणि सगळी गर्दी ट्रान्सफॉर्मर्स, ममी आणि मिनियनच्या छपराखाली घुसते.

म्हणून आभाळ काळवंडलं की पहिला थेंब पडायच्या आधीच आतल्या राइडच्या रांगेत शिरा. पाऊस सुरू झाल्यावर हलणारे सगळे तुमच्या मागे. आणि पाऊस ओसरू लागला की याच्या उलट वागा: लोक अजून आत असताना बॅटलस्टारच्या दारापाशी जाऊन थांबा. इशारा उठल्यावर आधी रिकाम्या गाड्या पळवून बघतात. रिकाम्या गाड्या धावताना दिसल्या म्हणजे दार उघडायची वेळ जवळ आली. त्या क्षणी पाटीवर 'बंद' असतं, ॲपमध्येही 'बंद', त्यामुळे दाराशी तुम्ही आणि आणखी वीस जण असता.

रांगेत असताना तांत्रिक बिघाडाने राइड थांबली तर? तुमच्यापुढे पन्नासच्या आत माणसं असतील तर पंधरा मिनिटं थांबा. जास्त असतील तर बाहेर पडा. गाडीतल्या लोकांना उतरवून पायऱ्यांवरून चालत आणताना दिसलं, तर पुढे किती जण आहेत ते न बघता निघा. ते काम लवकर उरकत नाही.

टूरबरोबर असाल तर

ग्रुप टूरची बस साधारण साडेदहा-अकराला पोहोचते, मग तिकिटं वाटणं, ग्रुप फोटो, सूचना. सोनेरी दीड तास संपलेला असतो. टूर मॅनेजरला दोन दिवस आधीच तीन प्रश्न विचारा. आमचे क्यूआर कोड आदल्या रात्री मिळतील का? आम्ही स्वतःच्या खर्चाने लवकर जाऊन संध्याकाळी बसला येऊन मिळालो तर चालेल का? आणि दुपारचं जेवण आत आहे की बाहेरच्या भारतीय हॉटेलात? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. भर दुपारी सगळ्यांना बाहेर काढून, जेवू घालून परत आणण्यात दीड-दोन तास सहज मोडतात. जेवण सोडून आत काही खाल्लंत तर त्या दिवसाचा तो सर्वांत स्वस्त सौदा. चांगला मॅनेजर पहिल्या दोन्ही गोष्टींना हो म्हणतो, कारण वेळेवर बसमध्ये येणारा प्रवासी त्यालाही हवाच असतो. वेळेवर या मात्र.

शेवटचा तास

पाचनंतर लहान मुलांची घरं पांगू लागतात, टूरच्या बसेस निघतात. बंद व्हायच्या आधीच्या तासात पाट्यांवरचे आकडे उतरतात. याच वेळेसाठी एक मोठी राइड मुद्दाम राखून ठेवा. ट्रान्सफॉर्मर्स सर्वांत योग्य, कारण तिला पावसाची भीती नाही. बंद होण्याच्या वेळेआधी रांगेत शिरलेल्यांना सहसा राइड मिळते, म्हणून शेवटची रांग दहा मिनिटं आधी धरा, दोन मिनिटं आधी नाही. दुकानातली खरेदी त्यानंतर. हॉलीवूडमधली दुकानं बाहेर पडण्याच्या वाटेवरच आहेत.

सिंगापूरमध्ये सात-सव्वासातला अंधार पडतो. बाहेर आलात की गोळ्यावर दिवे लागलेले असतात, समोर गर्दी नसते आणि उन्हाने कोणाचे डोळे बारीक झालेले नसतात. फोटो आता काढा.